सोळा लाइनी, सोळा मोडेम: डायल-अप सर्व्हर आतून कसा चालायचा

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमाकडून. पुढची तीन वर्षं दुकान एकच. नोव्हेंबर १९९८ पासून खासगी कंपन्यांना परवाने मिळू लागले आणि त्या धोरणातली सगळ्यात गमतीची तरतूद होती 'क' वर्गाची. 'अ' वर्ग म्हणजे देशभर, 'ब' म्हणजे एखादं टेलिकॉम सर्कल किंवा महानगर, आणि 'क' म्हणजे फक्त एक सेकंडरी स्विचिंग एरिया, ढोबळमानाने एक जिल्हा. सुरुवातीची पाच वर्षं परवाना शुल्क माफ. बँक गॅरंटी 'अ' ला २ कोटी, 'ब' ला २० लाख, 'क' ला ३ लाख. म्हणजे साताऱ्या-सांगलीकडे कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या माणसालाही 'आपणच इंटरनेट विकलं तर?' असा विचार करता येऊ लागला.

असा विचार केलेल्या माणसाला काय काय लागायचं? एक खोली, टेलिफोनच्या लाइनी, बाहेरच्या जगाशी जोडणारी लीज्ड लाइन, आणि या दोन्हींच्या मध्ये बसणारी एक चीज: ॲक्सेस सर्व्हर. गिऱ्हाइकाचा फोन उचलायचा, त्याची ओळख पटवायची, त्याला आयपी पत्ता द्यायचा आणि त्याची पॅकेटं इकडून तिकडे पोचवायची, हे त्याचं काम.

डायल-अप, म्हणजे फोन लावून जोडायचं इंटरनेट, म्हटलं की लोकांना मोडेमची (डेटाचे फोनवरचे सूर आणि सुरांचा डेटा करणाऱ्या डब्याची) ती किरकिर आठवते आणि वाटतं, अवघड भाग तोच असणार, जोडणी लागण्याचा. पण जोडणी लागणं हे मोडेम बनवणाऱ्यांनी बऱ्यापैकी सोडवून ठेवलेलं होतं. सर्व्हर उभारणाऱ्याचं डोकं खायची ती दुसरी बाजू. जोडणी संपली हे वेळेवर ओळखणं, लाइन मोकळी करणं आणि मिनिटं बरोबर मोजणं. फोन उचलायला कुठलाही मोडेम तयार असतो. तो ठेवायचा कधी, यातच खरी मेख आहे.

किती लाइनी घ्यायच्या?

या धंद्यातला जुना ठोकताळा होता दहा गिऱ्हाइकांमागे एक लाइन. १६० गिऱ्हाइकं, १६ लाइनी. ठोकताळा वाईट नाही, पण तो कुठून येतो ते बघण्यासारखं आहे.

कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे गणिती ए. के. एर्लांग यांनी १९१७ मध्ये याचं सूत्र मांडलं. त्यांच्याच नावाचं माप आहे: एक लाइन तासभर सलग भरलेली असली तर तो एक एर्लांग. समजा रात्री नऊ ते दहा या तासात आपल्या गिऱ्हाइकांपैकी २० जण फोन लावतात आणि प्रत्येक जण सरासरी अर्धा तास बसतो. म्हणजे १० एर्लांगची वाहतूक.

आता वाटेल की १० एर्लांगला १० लाइनी पुरे. पण लोक ठरवून एकामागून एक येत नाहीत, घोळक्याने येतात. एर्लांगच्या सूत्रात आकडे घाला: १० लाइनी असतील तर जवळजवळ साडेएकवीस टक्के फोन एंगेज लागतात. १२ केल्या तर बारा टक्के. १५ केल्या तर साडेतीनच्या थोडं वर, १६ ला सव्वादोन, १८ ला एक टक्क्याच्याही खाली. पहिल्या दोन-चार जादा लाइनींनी मोठा फरक पडतो, नंतर प्रत्येक लाइन कमी कमी उपयोगाची होत जाते. सोळावर थांबायला म्हणून अर्थ आहे. एका पीसीला बरेच मोडेम जोडणारी मल्टिपोर्ट कार्डंही सोळा पोर्टांची मिळायची हे दुसरं कारण, आणि खरं सांगायचं तर बहुतेक ठिकाणी आधी हे दुसरं कारण आणि मग गणित.

दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. एक, सूत्र असं धरून चालतं की एंगेज लागलेला माणूस नाद सोडून देतो. डायल-अपचा गिऱ्हाईक नाद सोडत नाही. त्याच्या कॉम्प्युटरवर रीडायलची खूण केलेली असते आणि तो दर काही सेकंदांनी पुन्हा धडकतो. त्यामुळे प्रत्यक्षातला एंगेज सूत्रापेक्षा वाईटच असतो. दोन, मोठ्याचा फायदा जास्त होतो. दोन टक्के एंगेज चालेल असं धरलं तर १५ लाइनी साधारण ९ एर्लांग पेलतात, पण ३० लाइनी जवळजवळ २२ पेलतात. लाइनी दुप्पट, वाहतूक दुपटीहून बरीच जास्त. छोट्या कंपनीला प्रत्येक गिऱ्हाइकामागे लाइनीचा खर्च मोठ्यापेक्षा जास्त पडायचा तो असा, आणि यात कुणाची लबाडी नव्हती.

तांब्याची जोडी की ई-१?

लाइनी घ्यायचे दोन मार्ग. पहिला साधा: १६ टेलिफोन कनेक्शनं मागायची, त्यांना एक्स्चेंजमधून हंटिंग लावून घ्यायचं म्हणजे सगळ्यांना मिळून एकच नंबर, आणि प्रत्येक जोडीला एक मोडेम लावायचा. डीपीवर (खांबावरच्या जोडणीपेटीत) एकदम १६ जोड्या मोकळ्या सापडणं हीच छोट्या गावात पहिली परीक्षा. दुसरा मार्ग ई-१ चा: २०४८ केबीपीएसची (सेकंदाला २०४८ हजार बिट) एक डिजिटल लाइन, तिच्यात ६४ केबीपीएसचे ३२ कप्पे. एक कप्पा ताल जुळवायला, एक सिग्नलिंगला (कॉल जोडण्या-तोडण्याच्या खुणांना), उरलेल्या ३० मध्ये ३० फोन. ३० तारा नाहीत, ३० मोडेमचे डबे नाहीत, त्यांचे ३० ॲडाप्टर नाहीत. पण मग मोडेमसुद्धा डिजिटल हवेत, म्हणजे सिस्कोचा एएस५३००, लिव्हिंगस्टनचा पोर्टमास्टर-३ किंवा यूएस रोबोटिक्सचा टोटल कंट्रोल यांच्यासारखं पेटीबंद यंत्र. ते परवडलं तर प्रश्नच मिटला.

या दोन मार्गांत सोयीपलीकडे एक मूलभूत फरक आहे, आणि त्यावरून गिऱ्हाइकांशी वाद व्हायचे. मोडेमच्या डब्यावर '५६ के' लिहिलेलं असायचं आणि जोडणी लागायची सेकंदाला ३१२०० किंवा ३३६०० बिटांनी.

झालं असं की एक्स्चेंज तुमचा आवाज सेकंदाला ८००० वेळा मोजतं आणि प्रत्येक मोजमाप ८ बिटांत लिहितं. ८००० गुणिले ८, म्हणजे ६४००० बिट. मोजमाप २५६ ठरावीक पायऱ्यांवरच बसवावं लागतं, म्हणून प्रत्येक वेळी थोडी चूक राहते आणि तिचा लाइनीत गोंगाट होतो. ॲनालॉगमधून डिजिटलमध्ये जाताना हा गोंगाट शिरला की वेगाची कमाल मर्यादा ३३.६ च्या आसपास येऊन थांबते. १९९८ च्या व्ही.९० मोडेमची युक्ती अशी की सेवा पुरवणाऱ्याचं टोक मुळातच डिजिटल असेल, तर त्याच्याकडून गिऱ्हाइकाकडे येणाऱ्या दिशेत ही मोजणी करावीच लागत नाही. तिथे ५६ हजारांपर्यंत जाता येतं. उलट दिशेत मोजणी आहेच, म्हणून व्ही.९० मध्येही वर जाणारा वेग ३३.६ च राहतो. थोडक्यात, गिऱ्हाइकाने कितीही महागाचा मोडेम घेतला तरी आपल्याकडे भिंतीवर १६ साध्या जोड्या असतील तर त्याला ५६ के मिळणं शक्यच नाही. मोडेम बदलून घ्या, लाइनमनला बोलवा, असले सल्ले अशा वेळी देणं म्हणजे शुद्ध थापा.

इथून पुढे आपण गरिबाचा मार्ग धरू: लिनक्स चालणारा एक पीसी, सोळा पोर्टांचं सिरियल कार्ड आणि सोळा बाहेरचे मोडेम. त्यात सगळे अवयव उघडे दिसतात, म्हणून समजायलाही तोच बरा.

सत्त्याऐंशी मायक्रोसेकंद

मोडेम आणि पीसी यांच्यातली सिरियल केबल फोनच्या वेगापेक्षा जलद चालवावी लागते. मोडेम आपापसात डेटा दाबून पाठवतात. व्ही.४२बिस या पद्धतीत साधा मजकूर चौपटीपर्यंत दबतो. म्हणून फोनवर ३३६०० असले तरी केबलवर ११५२०० ठेवायचे. एका बाइटला सुरुवातीचा आणि शेवटचा धरून १० बिट लागतात. सेकंदाला ११५२० बाइट, म्हणजे दर ८७ मायक्रोसेकंदांना एक.

पीसीवरच्या जुन्या १६४५० जातीच्या सिरियल चिपमध्ये एकच बाइट ठेवायला जागा असे. सीपीयूने ८७ मायक्रोसेकंदांत तो उचलला नाही तर पुढचा बाइट त्याच्यावर येऊन बसायचा आणि आधीचा गायब. १६५५० ए चिपमध्ये १६ बाइटांची रांग असते, त्यामुळे सीपीयूला दम खायला वेळ मिळतो. पण सोळा पोर्ट पूर्ण वेगाने चालले तर सेकंदाला १८४३२० बाइट, आणि डिस्कवर काहीतरी लिहिण्यात गुंतलेला त्या काळचा पेंटियम मध्येच एखादा बाइट पाडणारच. म्हणून सायक्लेड्स, डिजी, स्टॅलियन यांची मल्टिपोर्ट कार्डं घ्यायची. महागातल्या कार्डांवर स्वतःचा प्रोसेसर आणि मेमरीही असते.

केबलही पूर्ण हवी. मोडेम आणि पीसी एकमेकांना 'थांब' म्हणतात ते आरटीएस आणि सीटीएस या दोन तारांवरून. तीन तारांची केबल लावली की वेबपेज चालतात, मोठी फाइल मात्र अर्ध्यावर लंगडते, आणि माणूस दोन दिवस सॉफ्टवेअरमध्ये शोधत बसतो.

पीसीच्या आत बसणारे स्वस्त 'विनमोडेम' या कामाला अजिबात चालत नाहीत. त्यांचं अर्धं काम विंडोजमधला ड्रायव्हर करतो. शिवाय बाहेरच्या मोडेमला दिवे असतात, आणि दिवे वाचता येणं हे या खोलीतलं निम्मं ज्ञान. टीआर लागला म्हणजे सर्व्हर तयार आहे. ओएच म्हणजे फोन उचललेला आहे. सीडी म्हणजे समोरच्या मोडेमचा सूर कानावर आहे. ओएच लागलेला आणि सीडी विझलेला असं अर्धा मिनिट दिसलं तर ओळख चालू आहे. पाच मिनिटं दिसलं तर मोडेम अडकलाय.

रिंगपासून पत्त्यापर्यंत

फोन आला की मोडेम सर्व्हरला 'रिंग' असा शब्द पाठवतो. सर्व्हरवर प्रत्येक पोर्टावर एक mgetty नावाचा, म्हणजे 'एमगेटी' म्हणून ओळखला जाणारा प्रोग्राम दबा धरून असतो. तो मोडेमला उचलायला सांगतो. मोडेमला आपोआप उचलायची मुभाही देता येते, पण मग सर्व्हर बंद पडलेला असतानाही मोडेम इमानेइतबारे फोन उचलतो आणि गिऱ्हाइकाचा पल्स (फोनच्या बिलाचं एकक) जळतो. उचलायचा निर्णय सर्व्हरनेच घ्यावा हे बरं.

उचलल्यावर पहिला सूर जातो २१०० हर्ट्झचा, आणि दर ४५० मिलिसेकंदांनी त्याची कला (फेज) उलटते. ही खूण टेलिफोन यंत्रणेसाठी असते: वाटेत प्रतिध्वनी मारणारी साधनं असतील तर ती बंद करा, इथे माणसं बोलत नाहीत. मग दोन्ही मोडेम लाइन कुठल्या सुरांना कशी वागते ते तपासतात, वेग ठरवतात. ती सगळी किरकिर म्हणजे ही तपासणी.

जोडणी लागली की गिऱ्हाइकाच्या विंडोज ९८ कडून बाइट येऊ लागतात. पहिले सहा, हेक्समध्ये म्हणजे सोळाच्या अंकपद्धतीत लिहिले तर, बहुधा असे दिसतात: ७ई, एफएफ, ७डी, २३, सी०, २१. यात ७ई म्हणजे चौकटीची सुरुवात. एफएफ हा 'सगळ्यांसाठी' असा पत्ता. पुढे ०३ यायला हवं, पण ३२ च्या खालचे बाइट वाटेत कुणी नियंत्रणाची खूण समजू नये म्हणून वेश बदलून पाठवतात: आधी ७डी, मग मूळ अंकाचा एक बिट उलटा करून २३. आणि सी०२१ म्हणजे एलसीपी, पीपीपी (दोन टोकांमधल्या लाइनीवरून पॅकेटं नेण्याची पद्धत) कुटुंबातला पहिला भाऊ. एमगेटी ही सहा अक्षरं ओळखतो आणि 'लॉगिन' विचारत न बसता लाइन थेट पीपीपीच्या प्रोग्रामकडे सोपवतो. ओळखलं नाही तर पुढे लॉगिनचा मजकूर पाठवतो, जुन्या पद्धतीने टर्मिनलवरून शिरणाऱ्यांसाठी.

मग तीन टप्पे. एलसीपीत दोन्ही बाजू नियम ठरवतात: केवढं पॅकेट, कुठले बाइट वेश बदलून. दुसऱ्यात ओळख पटते. तिसऱ्यात, आयपीसीपीत, सर्व्हर सांगतो की तुझा पत्ता हा, डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर) इथे. पत्ता गिऱ्हाइकाचा नसतो, पोर्टाचा असतो. सातव्या पोर्टावर आलेल्याला सातवा पत्ता. हे सोळा पत्ते ऑफिसातल्या लॅनच्याच पट्ट्यातले ठेवायचे आणि 'प्रॉक्सी-आर्प' चालू करायचं. लॅनवर कुणी 'हा पत्ता कुणाचा?' विचारलं की गिऱ्हाइकाच्या वतीने सर्व्हर 'माझा' म्हणून हात वर करतो. राउटरला काहीही नव्याने शिकवावं लागत नाही.

ओळख पटवण्यात एक जुना पेच आहे. पॅप पद्धतीत पासवर्ड फोन लाइनीवरून उघडा येतो, पण सर्व्हरवर तो एकमार्गी कूटात ठेवता येतो. चॅपमध्ये पासवर्ड लाइनीवर येतच नाही, पण हिशोब जुळवायला सर्व्हरकडे तो मूळ रूपात असावा लागतो. चोरी कुठे होण्याची भीती जास्त? गावातल्या टेलिफोनच्या जोडीवर मोडेमचा सूर ऐकून पासवर्ड काढणं कठीण. सर्व्हरमध्ये घुसून यादी पळवणं त्यामानाने सोपं. माझ्या मते डायल-अपला पॅपच शहाणपणाचा, नाव कितीही भोळं वाटलं तरी.

फोन ठेवणं

आता मुख्य दुखणं. गिऱ्हाइकाने 'डिस्कनेक्ट' दाबलं तर सगळं सभ्यपणे होतं: पीपीपी निरोप घेतं, दोन्ही मोडेम फोन ठेवतात. पण बरेच कॉल असे संपत नाहीत. घरात कुणीतरी दुसरा रिसीव्हर उचलतं, कॉल वेटिंगचा बीप येतो, लाइट जाते, नाहीतर पोरगं थेट कॉम्प्युटरचं बटण बंद करतं. समोरून निरोप येत नाही, नुसता सूर थांबतो.

सूर थांबल्याचं मोडेमला कळतं, पण सर्व्हरला कळायला मोडेमने डीसीडी नावाची तार खाली टाकावी लागते. आणि सर्व्हरला स्वतःहून फोन ठेवायचा असेल तर तो डीटीआर नावाची तार खाली टाकतो, ती मोडेमने मानावी लागते. म्हणून मोडेमला सुरुवातीच्या सूचनांत '&सी१' आणि '&डी२' द्यायच्याच. पहिलीने डीसीडी खरं बोलू लागते, दुसरीने मोडेम डीटीआर ऐकतो. '&सी०' राहिलं तर डीसीडी कायम वर. गिऱ्हाईक जाऊन तास झाला तरी सर्व्हरच्या लेखी तो बसलेलाच. सर्व्हर फोन सोडत नाही, मिनिटं चालूच.

तारांवर विसंबून चालत नाही म्हणून पीपीपीकडूनही विचारपूस करवून घ्यायची. दर ३० सेकंदांनी 'आहेस का?' अशी एलसीपीची हाक, लागोपाठ चार हाकांना उत्तर नाही आलं की लाइन तोडायची. त्याशिवाय निष्क्रियतेची मुदत: दहा-पंधरा मिनिटं काहीच आलं-गेलं नाही तर रजा. यावर लोकांचा उतारा ठरलेला. एका खिडकीत पिंग (सतत छोटी पॅकेटं पाठवणारा प्रोग्राम) चालू ठेवायचा आणि जेवायला जायचं.

हंटिंगमधला घोटाळा मात्र या सगळ्याच्या वरचा आहे. बऱ्याच एक्स्चेंजांत हंटिंग क्रमाने चालतं: पहिली लाइन मोकळी आहे का, नसेल तर दुसरी, नसेल तर तिसरी. समजा तिसरा मोडेम तापून गोठलाय. तो फोन उचलत नाही. उचलत नाही म्हणून त्याची लाइन कायम मोकळी. पहिल्या दोन लाइनी भरल्या की पुढचा जवळजवळ प्रत्येक फोन एक्स्चेंज तिसरीवरच टाकतं. रिंग वाजत राहते, कुणी उचलत नाही, गिऱ्हाईक वैतागून ठेवतो, पुन्हा लावतो, पुन्हा तिसरी. मागच्या तेरा लाइनी जवळजवळ रिकाम्या, मोडेम थंड, सर्व्हरवर भार नाही, लॉगमध्ये एकही चूक नाही. आणि गावभर बोंब की इंटरनेट बंद आहे. एका मोडेमने सोळा लाइनींचं ऑफिस बंद पाडायचं ते असं.

फोनवरच्या तक्रारीत फरक ऐकता आला पाहिजे. 'एंगेज लागतोय' म्हणजे लाइनी भरल्यात, धंदा बरा चाललाय. 'रिंग जातेय पण उचलत नाही' म्हणजे उठा आणि रॅकपाशी जा.

तात्पुरता इलाज गमतीचा आहे: नादुरुस्त लाइन मुद्दाम भरलेली ठेवायची. मोडेम हुकूम ऐकत असेल तर 'एटीएच१' देऊन फोन उचलून ठेवायला लावायचं. ऐकत नसेल तर जोडी काढून तिथे साधा फोन लावायचा आणि रिसीव्हर बाजूला ठेवायचा. एक्स्चेंजला ती लाइन भरलेली दिसते, ते पुढे जातं. कायमचा इलाज म्हणजे पहारा. एमगेटी ठरावीक वेळाने रिकाम्या मोडेमला हाक मारून उत्तर येतं का बघतो, आणि न आल्यास पुन्हा सुरुवातीपासून सूचना देतो. पण मोडेम ठणठणीत आणि बाहेर जोडीच तुटलेली असेल तर? मोडेम 'ओके' म्हणणारच. तेव्हा रिकाम्या वेळी मोडेमला नुसता डायल टोन ऐकायला लावायचा. 'नो डायलटोन' आलं की लाइनमनला फोन. आणि सगळ्यात साधी, सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे प्रत्येक पोर्टावर शेवटचा यशस्वी कॉल कधी आला याची यादी. दुसऱ्या आणि चौथ्या पोर्टावर दहा मिनिटांपूर्वी, तिसऱ्यावर कालपासून नाही, एवढं दिसलं तरी पुढचं कुणाला सांगावं लागत नाही.

मिनिटांचा हिशोब

तेव्हा इंटरनेट तासांवर विकलं जायचं. फोनचं बिल वेगळं, ते टेलिफोन खात्याला. आपण विकायचे ते तास. म्हणून सर्व्हरच्या मागे एक हिशोबनीस लागतो, आणि त्याचं नाव रेडियस. हे लिव्हिंगस्टन कंपनीने आपल्या पोर्टमास्टर यंत्रांसाठी बनवलं, १९९७ मध्ये त्याचा उघडा मसुदा प्रसिद्ध झाला आणि सगळ्यांनी उचललं. ॲक्सेस सर्व्हर विचारतो, 'हे नाव, हा पासवर्ड, घेऊ का आत?' रेडियस सांगतो 'घे', आणि सोबत अटी देतो. गिऱ्हाइकाचे २ तास १० मिनिटं उरले असतील तर सेशनची मुदत ७८०० सेकंद. तेवढे झाले की सर्व्हर लाइन तोडतो, मग पत्र अर्धं लिहून झालेलं असो.

आत घेतल्यावर सर्व्हर 'सुरू' अशी नोंद पाठवतो, संपल्यावर 'संपलं, इतके सेकंद, इतके बाइट'. या नोंदी यूडीपीवरून (पोचण्याची हमी नसलेल्या पद्धतीने) जातात, पोचपावती आली नाही तर पुन्हा पाठवायच्या. पण सर्व्हर स्वतःच बंद पडला तर 'संपलं' कोण पाठवणार? नोंद उघडीच राहते. एकाच खात्यावर दोघांनी बसू नये असा नियम आपणच लावलेला असतो. तासाभराने गिऱ्हाईक पुन्हा फोन लावतो आणि रेडियस त्याला बाहेर काढतो, 'तू आधीच आत आहेस'. बिचारा एकटाच राहणारा असतो.

यावर उपाय तीन, आणि तिन्ही लागतात. सर्व्हर चालू होताना त्याने रेडियसला 'मी आत्ता उठलोय' असा निरोप द्यायचा. तो आला की रेडियसने त्या सर्व्हरची सगळी उघडी सेशनं मिटवायची. दुसरा, चालू सेशनची दर काही मिनिटांनी मधली नोंद पाठवायची. ती यायची थांबली की सेशन संपलं समजायचं. तिसरा, कुणाला 'आधीच आत आहेस' म्हणण्यापूर्वी रेडियसने सर्व्हरला उलट विचारायचं, खरंच सातव्या पोर्टावर हा बसलाय का? हा तिसरा केला नाही तर पावसाळ्यात ऑफिसातला फोन फक्त याच तक्रारींसाठी वाजत राहतो.

मागची नळी

सोळा जण ३३.६ ने आले तर एकूण ५३७.६ केबीपीएस. मागे लीज्ड लाइन ६४ ची. जवळजवळ साडेआठपट विकलेलं. हे चालतं, कारण माणूस पान वाचत असतो तेव्हा लाइन मोकळी असते. ५० केबीचं पान एकट्याला बारा सेकंदांत येतं. सगळ्यांनी एकदम मागितलं तर तेच पान शंभर सेकंदांवर जातं.

म्हणून मधे स्क्विड नावाचा, पानांच्या प्रती साठवणारा प्रोग्राम बसवायचा, म्हणजे एकाने आणलेलं पान दुसऱ्याला डिस्कवरून मिळतं. मराठी गिऱ्हाइकांत याचा एक खास फायदा होता. युनिकोड रुळण्याआधी मराठी वर्तमानपत्रांच्या साइटना स्वतःचे फाँट लागायचे आणि ते वाचकाला उतरवून घ्यावे लागायचे. पाच-पन्नास घरं तीच फाइल मागणार; ती एकदाच ६४ च्या नळीतून यावी. डीएनएस आणि ई-मेल हेही ऑफिसातच ठेवायचं. गावातल्या गावात पाठवलेलं पत्र परदेशी जाऊन परत का यावं?

बाकी पावसाळा आणि वीज यांवर वेगळा लेख होईल. सोळा उघड्या जोड्या खांबांवरून आत येतात, म्हणजे वीज घरात शिरायला सोळा वाटा. प्रत्येक जोडीवर सर्ज अरेस्टर आणि खरंखुरं अर्थिंग, निव्वळ तिसऱ्या पिनेत वायर खोचलेलं नव्हे, एवढं तरी हवंच.

यातलं बरंच काही अजून चालू आहे. तुमच्या गल्लीतल्या केबलवाल्याचं फायबर घरात आलं असेल तर राउटरमध्ये एक नाव आणि पासवर्ड टाकलेला असण्याची दाट शक्यता आहे. ते पीपीपीओई, १९९९ चंच: तेच पीपीपी, फक्त मोडेमच्या जागी इथरनेट, आणि मागे तेच रेडियस. डीसीडीची तार मात्र राहिली नाही. भागातली लाइट गेली की शेकडो राउटर निरोप न घेता मरतात, सर्व्हरला ते एलसीपीच्या हाकांना उत्तर न आल्यावरच कळतं. लाइट आली की ते सगळे एकाच मिनिटात परत दार ठोठावतात, आणि ज्यांची जुनी सेशनं अजून उघडी आहेत त्यांना 'आधीच आत आहेस' ऐकावं लागतं. मग गिऱ्हाईक केबलवाल्याला फोन करतो, तो मोबाइलवर पॅनेल उघडतो आणि त्या नावापुढचं सेशन तोडायचं बटण दाबतो.